रांगेत शेवटची

जिना चढताना धाप लागत असेल आणि तुम्ही "वजन वाढलंय", "वय झालं" असं म्हणून स्वतःची समजूत घालत असाल, तर आधी डॉक्टरकडे जा. हे नंतर वाचा. मी समजूत घालण्यात बरेच महिने घालवले, आणि ते महिने कुणी परत देत नाही.

धीर देणारं लिखाण हवं असेल तर ते इथे नाही, हेही आधीच सांगते. आमच्या आजाराच्या लोकांचा एक ऑनलाइन गट आहे. तिथे रोज सकाळी कुणीतरी उगवत्या सूर्याचं चित्र टाकतं आणि खाली आपण सगळे लढवय्ये असल्याचं लिहितं. मी लढवय्यी नाही. मी औषध घेते, नाकात ऑक्सिजनची नळी घालते आणि बसून राहते. पण निदान झालं तेव्हा मी मराठीत काहीतरी वाचायला शोधत होते, कुणाचं तरी खरं बोलणं, आणि मला फक्त प्राणायामाचे सल्ले सापडले. म्हणून हे लिहितेय.

आजाराबद्दल एवढंच सांगते. हृदयाकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या माझ्या वाहिन्या आकसत चालल्यात. तिथे रक्त ढकलताना हृदय थकतं. औषधाने ते थकणं लांबवता येतं, थांबवता येत नाही. बाकीचं तुमचे डॉक्टर सांगतील.

दम

मी अनघा, मूळची नाशिकची. नवरा मकरंद मुंबईच्या बँकेत, बँकेने त्याला इथे तोक्योला पाठवलं तेव्हा आमची ईरा चार वर्षांची होती. कोतो भागात आमचं घर आहे, आजूबाजूला कालवे आणि एकसारख्या दिसणाऱ्या इमारती. जवळच्या भारतीय शाळेत मी गणित शिकवायचे. सायकलने जायचे.

वाटेत कालव्यावर एक पूल लागतो. त्याला चढ म्हणणंसुद्धा जास्तच होईल. त्या पुलावर मी सायकलवरून उतरून ती ढकलत न्यायला लागले. आधी उन्हामुळे, मग थंडीमुळे, मग सायकलच्या चेनमुळे. कारणं शोधण्यात मी पहिल्यापासून हुशार. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता बोलायचं बंद केलं आणि मुलांना सांगितलं, आता तुम्ही सांगा, मी लिहिते. मुख्याध्यापिकांनी त्याचं कौतुक केलं. मुलं बोलती झाली म्हणाल्या.

ईरा पुढे पळायची आणि मागे वळून ओरडायची, "आई, ओसोई!" म्हणजे किती हळू. मी हसायचे. हसण्यात श्वास घ्यायला वेळ मिळायचा.

डॉक्टरकडे न जाण्यामागे माझा माजही होता, तो कुठून आला ते सांगितलं पाहिजे. माझी आई नाशिकच्या मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. देवधर बाई. दर हिवाळ्यात त्या मुलींना डोंगरावर न्यायच्या, आणि मी त्यांची मुलगी म्हणून पाचवीपासूनच त्यांच्याबरोबर. आईचा एक नियम होता, तो बदलायचा नाही. सगळ्यात सावकाश चालणारी मुलगी सगळ्यात पुढे, आणि तिच्या चालीने बाकीच्या. सगळ्यात दमदार मुलगी सगळ्यात शेवटी. कुणी बसलं, पाय मुरगळला, रडायला लागलं, तर तिने बघायचं. आई त्याला शेपूट सांभाळणं म्हणायची. "अनघा, शेपूट तुझं," एवढंच ती पायथ्याशी म्हणायची आणि चालू लागायची. मी शाळेत असेपर्यंत ते कधी दुसऱ्या कुणाला मिळालं नाही.

बेट

मकरंदच्या ऑफिसमध्ये डोंगर चढणाऱ्यांचा एक गट होता. त्यांचे म्होरके ओकादा-सान (सान म्हणजे आपलं 'जी'), निवृत्तीला आलेले, शांत, बुटाच्या नाड्या प्रत्येकाच्या तपासणारे. त्या वर्षी त्यांनी हाचिजो बेटावर जायचं ठरवलं. कागदोपत्री ते तोक्योमध्येच येतं, पण विमानातून उतरलं की ताडाची झाडं, जास्वंदी आणि अंगाला चिकटणारी दमट हवा. मला एकदम कोकणात आल्यासारखं वाटलं. बाजारात एक वाळवलेला मासा भाजत होते, त्याच्या वासाने ऑफिसमधल्या मुली नाकाला रुमाल लावून पळाल्या आणि मी मात्र सुकटीच्या आठवणीने तिथेच उभी राहिले. ते माझं शेवटचं नीट हसणं असावं.

बेटावर एक ज्वालामुखी आहे, आकाराने फुजीसारखा म्हणून त्याला हाचिजो-फुजी म्हणतात. अर्ध्याहून वर गाडी जाते, तिथे गाई चरतात. मग पायऱ्या, थेट विवराच्या काठापर्यंत. वर गेलं की खाली विवरात हिरवंगार जंगल दिसतं, असं सगळे सांगत होते. आईला मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, उद्या फोटो पाठवते. आई तेव्हा चौऱ्याहत्तरची. गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून तिचे डोंगर बंद होते, माझ्या फोटोंवरच ती समाधान मानायची.

गाडीतळापासून पायऱ्यांच्या तोंडाशी जाईपर्यंतच ओकादा-सानांनी माझ्याकडे दोनदा बघितलं. मग ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "अनघा-सान, तुम्ही माझ्या लगेच मागे चालाल का? म्हणजे मला तुमच्या चालीने चालता येईल."

त्यांचाही तोच नियम होता. जगात कुठेही गेलं तरी डोंगर चढणाऱ्यांना हे माहीत असतं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मला, देवधर बाईंच्या मुलीला, हा माणूस पुढे चालायला सांगतो!

"मी शेवटी चालते," मी म्हणाले. "मला सवय आहे. भारतात मी नेहमी शेवटीच असायचे."

ते घुटमळले. शेवटी चालायला त्यांनी एक तरुण सहकारी ठेवला होता. मी त्यालाही पुढे जा म्हटलं. जपानी माणूस दोनदा आग्रह करतो, तिसऱ्यांदा समोरच्याचा मान राखतो. ओकादा-सानांनी मान राखला.

मकरंद आणि ईरा मध्ये होते. थोड्या पायऱ्यांनंतर ढग उतरले आणि पुढच्यांच्या पाठी दिसेनाशा झाल्या. मला बरंच वाटलं. कुणी बघत नाही म्हटल्यावर मी कठड्याला धरून उभी राहिले. पुन्हा चढले, पुन्हा उभी राहिले. छातीत दुखत होतं असं नाही. हवा आत येत होती, पण तिचा काही उपयोग होत नव्हता. वरून हसण्याचे आवाज आले, म्हणजे ते काठावर पोचले होते. मी एक पाय वरच्या पायरीवर ठेवला, एवढं आठवतं.

माझ्या मागे कुणी नव्हतं. शेवटची मीच होते.

वर सगळे फोटो काढत होते तेव्हा ईराने माणसं मोजली आणि एकटीच खाली पळत आली. मी पायरीवर आडवी, तोंड गवतात. तिने मला हलवलं, हाक मारली, मी उठले नाही. मकरंद तिच्या मागून येईपर्यंत ती तिथे एकटी होती. तेवढ्या वेळात काय झालं, तिला काय वाटलं, ते तिने पुढे बराच काळ कुणालाही सांगितलं नाही.

निदानाचा दिवस

बेटावरच्या डॉक्टरांनी मला त्याच दुपारी हेलिकॉप्टरने तोक्योला पाठवलं. आयुष्यात पहिल्यांदा हेलिकॉप्टरमध्ये बसले, आणि बसले कसली, आडवी होते, समोर फक्त छताचे स्क्रू.

तपासण्या झाल्या आणि एका सकाळी निशिदा-सेन्सेईंनी आम्हा दोघांना छोट्या खोलीत बोलावलं. सेन्सेई म्हणजे डॉक्टरांना आदराने म्हणतात ते. साधारण माझ्याच वयाच्या, केस मागे घट्ट बांधलेले. त्यांनी हृदयाचं चित्र काढलं, उजवी बाजू मुद्दाम मोठी काढली आणि बराच वेळ बोलल्या. मधे मधे थांबून मकरंदकडे बघायच्या, त्याने मला समजावून सांगावं म्हणून.

मकरंद म्हणाला, "औषधं आहेत म्हणतायत. इथली ट्रीटमेंट चांगली आहे."

"एवढंच बोलल्या? इतका वेळ?"

"मेन पॉइंट तोच आहे गं."

माझं जपानी स्टेशन आणि बाजारापुरतं. पण त्या बोलण्यात एक शब्द दोनदा आला होता, नाओरानाई, आणि तो मला येत होता. ईराची सायकल ट्रकखाली आली तेव्हा दुकानदाराने तिच्याकडे बघून तेच म्हटलं होतं. दुरुस्त होणार नाही.

मी सेन्सेईंना विचारलं, "नाओरानाई?"

त्यांनी मकरंदकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. "हो," त्या म्हणाल्या. मग सोप्या, तुटक जपानीत, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. औषधाने काही वर्षं मिळतील. किती, ते आत्ता सांगता येणार नाही. फुप्फुसं बदलण्यासाठी नाव नोंदवता येईल, पण वाट खूप लांब आहे. विमानाचा लांबचा प्रवास करायचा नाही.

"भारतात?"

"आत्ता नाही," त्या म्हणाल्या. "पुढेही, मला वाटत नाही."

इतर सगळं मी तेव्हा ऐकूनच घेतलं. हे मात्र लागलं. त्या वर्षाच्या शेवटी मकरंदची नेमणूक संपत होती. आम्ही परत जाणार होतो. आईच्या इमारतीतच वरच्या मजल्यावर भाड्याने घर बघून ठेवलं होतं. दर रविवारी फोन ठेवताना आई विचारायची, "मग, कधी येताय?" आणि मी उरलेले महिने सांगायचे.

पडद्याआडची बाई

हॉस्पिटलची खोली चार जणींची, प्रत्येकीच्या पलंगाभोवती पडदा. सकाळी दिवे लागायचे, परिचारिका ताप बघायची, पातळ भात यायचा, सोबत एक आंबट खारवलेलं फळ. टीव्ही बघायचा तो कानात वायर घालून. कुणी कुणाला तुम्हाला काय झालंय विचारत नाही. नाशिकच्या हॉस्पिटलात एव्हाना बाकीच्या तिघींना माझ्या सासरचं गावसुद्धा कळलं असतं. पहिले काही दिवस या शांततेचा मला राग आला. मग ती बरी वाटायला लागली, कारण रडताना कुणी "रडू नका" म्हणत नव्हतं.

एकदा मी तशीच उशीत तोंड घालून पडले होते तेव्हा शेजारच्या पडद्याखालून एक हात आला. म्हातारा, सुरकुतलेला, मनगटावर हॉस्पिटलची पट्टी. हातात मिकान, म्हणजे इथलं छोटं संत्रं. मी घेतलं. हात मागे गेला. दुसऱ्या दिवशी मी मकरंदने आणलेल्या डब्यातली बेसनाची वडी त्याच वाटेने सरकवली. पलीकडून बारीक आवाजात "ओइशीई", छान आहे. असं आमचं चाललं होतं. तिचा चेहरा मी पाहिला नाही. एका सकाळी पडदा उघडा होता, पलंगावर स्वच्छ चादर. परिचारिकेला विचारलं तर ती म्हणाली, ते सांगता येत नाही. घरी गेली असेल असं मी ठरवलं. तसं ठरवणं जमेपर्यंत दुपार झाली.

ओकादा-सान भेटायला आले तो दिवस त्याहून वाईट. सुटातच आले, खुर्चीवर बसले नाहीत. पलंगाशी उभे राहून कमरेत वाकले आणि तसेच राहिले. म्हणाले, तुम्हाला शेवटी चालू दिलं ही माझी चूक. मी त्यांना सांगत होते, नाही हो, मीच हट्ट केला. ते ऐकतच नव्हते. त्यांनी गटाचं नेतृत्व सोडून दिल्याचं मकरंदने नंतर सांगितलं. माझ्या माजाची शिक्षा त्या सज्जन माणसाने आपल्या अंगावर घेतली आणि मला ती परतही घेता आली नाही.

निळा रेनकोट

मी हेलिकॉप्टरमध्ये होते तेव्हा आईचे मेसेज येत होते. पोचलात का? फोटो कुठाय? मकरंद बेटावरच्या हॉस्पिटलच्या बाकावर बसला होता, ईरा त्याच्या मांडीवर झोपलेली. त्याने ओकादा-सानांनी वर काढलेला फोटो आईला पाठवून दिला. खाली लिहिलं, "पोचलो! नेटवर्क नाही, नंतर बोलू." तो म्हणतो, त्या क्षणी म्हाताऱ्या माणसाला एकटं असताना काय सांगायचं होतं? बरोबरच आहे त्याचं. मीही तेच केलं असतं. आमच्याकडे परदेशात कुणी आजारी पडलं की पहिली गोष्ट हीच ठरते, घरी कळवायचं नाही.

फोटोत विवर आहे, आत जंगल, आणि काठावर पाठमोरी माणसं, रेनकोट घातलेली. चौथ्या दिवशी मला बोलता यायला लागलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न, "निळ्या रेनकोटमधली तू ना? मी पाठीवरून ओळखलं."

ती मकरंदच्या ऑफिसमधली एक मुलगी होती. मी "हो" म्हटलं.

आईने तो फोटो मोठा करून घेतला, फ्रेम केला आणि दिवाणखान्यात लावला. शेजाऱ्यांना, जुन्या विद्यार्थिनींना, गॅसवाल्यालासुद्धा दाखवला, माझी मुलगी ज्वालामुखीवर चढली. त्यानंतर प्रत्येक रविवारी ती फोनवर बोलायला बसली की तिच्या डोक्यामागे ती फ्रेम दिसायची.

घरी येत नाही याचं कारण आम्ही ईराच्या शाळेचं दिलं. आई म्हणाली, "बरं." पुढच्या रविवारी म्हणाली, "इथेही शाळा आहेत हो." त्याच्या पुढच्या रविवारी काही म्हणाली नाही, पण फोन ठेवताना विचारलंच, "मग, कधी येताय?" मी कॅमेऱ्यासमोर बसायच्या आधी नाकातली नळी काढायचे, गालावरचे वळ चोळून घालवायचे आणि थोडक्यात बोलायचे. थोडक्यात का, ते तिला कळत नव्हतं. तिला वाटलं, मुलीला आता वेळ नाही. ते तिच्या चेहऱ्यावर दिसायचं, आणि तरी मी तसंच चालू ठेवलं.

घरातलं

कमरेला एक छोटा पंप, त्यातून बारीक नळी छातीत. औषध दिवसरात्र जात राहतं, ते थांबून चालत नाही. रोज जेवणाचं टेबल पुसून, हात धुऊन आम्ही ते तयार करतो. सुरुवातीला मकरंदचे हात थरथरायचे. आता तो ऑफिसचा फोन कानाला लावून करतो, आणि मला त्याचा राग येतो. हात थरथरायचे तेव्हाही यायचा.

भांडणं होतात, ते लपवत नाही. त्याने मुंबईची नोकरी सोडून इथली पत्करली, त्याच्या हाताखालचे त्याच्या पुढे गेले. तो एकदाही बोलला नाही. न बोलता तो जोरात भांडी घासतो. एकदा मी म्हणाले, "मी मेले की तू जाशील ना परत, तेव्हा आईला सांग." तो भांडी तशीच टाकून खाली कोम्बिनीत गेला, ते चोवीस तास उघडं दुकान. बऱ्याच वेळाने दोन भाताचे गोळे घेऊन आला. एक माझ्यासमोर ठेवला. आम्ही टीव्ही बघत खाल्ले.

ईरा आता कुठेही माझ्यापुढे चालत नाही. फुटपाथवर, स्टेशनवर, घरातल्या घरातसुद्धा ती माझ्या मागे असते. मागून कुणी घाईने आलं तर ती त्यांना वाट देते, पण मला ओलांडून जात नाही. शाळेची डोंगरावरची सहल होती, तिला ती गेली नाही. का विचारलं तर इंग्रजीत म्हणाली, "Because who will be behind you?" मला वाटलं, तिच्यातलं तिच्या वयाचं काहीतरी मोडलंय, ते दुरुस्त होणार नाही.

पुन्हा पायऱ्या

परत हाचिजोला जायचं मकरंदने काढलं. ईराने एकदा वर जाऊन यावं, त्याशिवाय ती त्या पायरीवरून हलणार नाही, असं त्याचं म्हणणं. निशिदा-सेन्सेईंना विचारलं. त्या आधी नको म्हणाल्या, मग मला तपासलं आणि बोटीने जा म्हणाल्या. पायथ्याशी बसायचं, वर बघायचं, परत यायचं.

गाई तिथेच होत्या. ढगही तिथेच. मी चाकांच्या पिशवीतला ऑक्सिजनचा सिलेंडर घेऊन पायऱ्यांच्या तोंडाशी बसले आणि म्हणाले, "जा तुम्ही."

ईरा हलली नाही. "आई पण," ती म्हणाली.

"अगं, मला नाही जमणार."

"देन नो."

मकरंदने तिला समजावलं, रागावला, चॉकलेट देतो म्हणाला. ती दगडासारखी उभी. तेवढ्यात फोन वाजला. रविवार होता, नाशिकला सकाळी नऊची वेळ, आईची. मी नळी काढायला हात नाकाशी नेला आणि ईराने माझ्या मांडीवरचा फोन उचलून कॉल घेतला.

"ईरू! कुठे आहात? मागे हिरवं दिसतंय."

"आज्जी, तोच माउंटन आहे. फोटोवाला."

"हो? परत गेलात? वर जाताय का?"

"नाही," ईरा म्हणाली. "आम्ही तेव्हा पण नाही गेलो. म्हणजे मी गेले, बाबा गेले. आई नाही. आई पायरीवर पडली. तो निळा कोट आई नाहीये, आज्जी. आई खूप आजारी आहे. नाओरानाई."

मकरंदने फोनकडे हात केला. मी त्याला थांबवलं. मग ईराने फोन माझ्याकडे फिरवला आणि आईने मला पाहिलं, नळीसकट.

तिच्या मागे ती फ्रेम होती. वळून तिने फ्रेमकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. ती रडेल असं मला वाटलं. तिने विचारलं, "रांगेत कुठे होतीस?"

"शेवटी."

"पुढे चालायला कुणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"आई, शेपूट माझं असतं."

"दम असला तर!" ती ओरडली. शाळेच्या मैदानावरचा आवाज, किती वर्षांनी ऐकला. "अंगात दम असला तर, अनघा! नसला तर पुढे व्हायचं, एवढं शिकवलं नाही मी तुला?" आणि मग तिचा आवाज फुटला. तिने पदराने तोंड झाकलं. फोनमध्ये बराच वेळ नुसता पदर दिसत होता.

गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

पदर बाजूला झाला तेव्हा ती वेगळीच बाई होती, डोळे लाल, पण पाठ ताठ. "ऊठ," ती म्हणाली. "आता पुढे तू. मकरंद, सिलेंडर तुम्ही धरा. ईरू, मला हातात धर आणि सगळ्यात मागे चाल. शेपूट मी सांभाळते."

शहात्तर वर्षांची आई मागे आणि मी तिच्यापुढे. ही रांग उलटी आहे, हे आम्हा तिघाही मोठ्यांना कळत होतं.

मी उठले. एक पायरी. थांबले. दुसरी. मागून फोनमधून आवाज येत होता, "सावकाश. घाई नाही. कुणी पुढे पळायचं नाही." एक जपानी जोडपं खाली येत होतं, ते बाजूला सरून आम्हाला वाकून गेलं. काही पायऱ्यांनंतर माझ्याच्याने होईना. मी कठड्याला धरून उभी राहिले. मागे सगळे थांबले.

"बसा," आई म्हणाली. "पाणी प्या."

आम्ही बसलो. वर ढग होते. विवर मी पाहिलेलं नाही, आणि पाहणारही नाही. ईरा पाणी प्यायली, तिने माझ्या खांद्याला डोकं टेकवलं आणि त्या दिवशी तिला काय वाटलं त्याबद्दल पहिल्यांदाच एक वाक्य बोलली. मराठीत बोलली. "मला वाटलं तू मेलीस."

"हो गं," मी म्हणाले.

त्यानंतरचे रविवार

पुढच्या रविवारी आईच्या मागच्या भिंतीवर नुसता खिळा होता. म्हणाली, "तुम्ही बसला होतात तिथला फोटो पाठव." मकरंदने पाठवला. त्यात माझ्या नाकातली नळी स्वच्छ दिसते. आईने तोच फ्रेम करून तिथे लावला. आता तिला उठता बसता ती नळी दिसते. शेजारच्या काकू मकरंदला फोनवर म्हणाल्या, बाई जेवत नाहीत नीट. खरं सांगितल्यावर मन हलकं होतं म्हणतात. माझं थोडं झालं असेल. जेवढं झालं तेवढं तिच्यावर गेलं.

आता मी नळी न काढता तिच्याशी बोलते. धाप लागली की ती थांबते. ईराला शाळेचं विचारते, मकरंदला जेवणाचं. मला पंपाचं विचारते, तो कसा भरता ते तिने सगळं समजून घेतलंय. घाई करत नाही. सगळं बोलून झालं की म्हणते, "बरं, ठेवते."

मग, कधी येताय, हे ती आता विचारत नाही. दोन वर्षं मला त्या प्रश्नाची धडकी भरायची. आता फोन बंद झाल्यावर मी तो हातात धरून थोडा वेळ त्या प्रश्नाचीच वाट बघत बसते.